सिव्हिलायझेशन ७ पहिल्यांदाच खेळताय? इथून सुरू करा

'सिव्हिलायझेशन' या कॉम्प्युटर गेमचा सहावा भाग आला ऑक्टोबर २०१६ मध्ये. सातवा यायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. मधल्या काळात आमच्या दहिसरला मेट्रो आली, कोस्टल रोड झाला, आणि 'सिव्ह'चे चाहते मात्र तोच सहावा भाग घासत बसले होते. त्यामुळे ११ फेब्रुवारीला सातवा हातात पडल्यापासून माझं एकच चाललंय: ऑफिसात, लेडीज डब्यात, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला हा खेळ घ्यायला लावायचा. बरेच जण घेतातही. मग आठवड्याभरात मेसेज येतो, "अगं, काहीच कळत नाहीये, नेमकं करायचं काय?" प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते. मी मूळ खेळ धरून लिहितेय. खेळ बनवणारी फिरॅक्सिस कंपनी सतत अपडेट देत असते आणि त्यात आकडे, नियम इकडचे तिकडे होतात. इथल्यापेक्षा पडद्यावर वेगळं दिसलं तर पडद्यावरचं खरं.

हे आहे तरी काय?

षटकोनी घरांचा एक मोठा नकाशा. त्यावर तुमची एक छोटी वस्ती. तिथून सुरू करून शेती, शोध, व्यापार, देवळं, लढाया, करारमदार असं सगळं करत थेट अंतराळयुगापर्यंत पोहोचायचं. बाकीचे देश कॉम्प्युटर चालवतो, किंवा ऑनलाइन खेळलात तर दुसरी माणसं. सगळं पाळीपाळीने चालतं. तुमची पाळी, म्हणजे टर्न, तुम्ही बटण दाबून संपवेपर्यंत जगात काहीही हलत नाही.

मुंबईतल्या घरांसाठी याहून सोयीचा खेळ मला माहीत नाही. कुकरची शिट्टी झाली, कुरिअरवाला आला, आईने हाक मारली: उठा, जा, अर्ध्या तासाने परत या, तुमचा भालाईत होता तिथेच उभा असतो. बोटांची चपळाई लागत नाही. आवाज बंद ठेवला तरी काही अडत नाही, त्यामुळे वन रूम किचनमध्ये बाकीची मंडळी झोपल्यावरही खुशाल खेळता येतो. तरी पहिल्या दिवशी इअरफोन लावाच. चौथ्या भागासाठी क्रिस्टोफर टिनने केलेल्या स्वाहिली शीर्षकगीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. व्हिडिओ गेमसाठी केलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलंच. सातव्या भागाचं शीर्षकसंगीतही त्याचंच आहे. मी अजून मेन्यूवर उगाच रेंगाळते.

जुने भाग खेळलेले हवेत का?

नकोत. उलट नसले तर बरंच.

मालिका सुरू झाली १९९१ मध्ये, सिड मायर आणि ब्रूस शेली या जोडगोळीपासून. या मालिकेत कथानक पुढे सरकत नाही. प्रत्येक भाग नव्याने मांडलेला डाव असतो. मायरचं एक ठरलेलं गणित आहे: नव्या भागात एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं आणि एक तृतीयांश अगदी नवं आणायचं. सातव्यात ते 'अगदी नवं' जुन्या खेळाडूंच्या घशाखाली उतरलं नाही. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, सुरुवातीला अभिप्राय 'मिश्र' होते. काही तक्रारी रास्तही होत्या. माहितीचे तक्ते अपुरे होते, शहराचं नाव बदलता येत नव्हतं, आणि 'अजून एकच टर्न' या वाक्यावर ज्या मालिकेची ओळख उभी आहे, त्या मालिकेच्या नव्या भागात डाव संपल्यावर पुढे खेळत राहण्याचं तेच बटण नव्हतं! या गोष्टी नंतरच्या अपडेटमध्ये आल्या.

पण मोठी तक्रार होती ती वेगळी: खेळ आता तीन युगांत तोडलाय. प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग. युग बदललं की तुमची संस्कृतीही बदलते. जुन्या मंडळींना हा विश्वासघात वाटला. मला मात्र नवख्यांसाठी याच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी दिसत नाही. पूर्वी डाव अर्ध्यावर आला की पन्नास सैनिक आणि वीस शहरं सांभाळताना जीव मेटाकुटीला यायचा आणि निकाल तर कधीच कळून चुकलेला असायचा. बहुतेक लोक डाव पूर्णच करत नाहीत हे फिरॅक्सिसनेच पाहिलं होतं, आणि युगांची कल्पना त्यातून निघाली. आता एका युगात मर्यादित गोष्टी शिकायच्या असतात. म्हणून माझा पहिला सल्ला: पहिल्या डावात फक्त प्राचीन युग पूर्ण करायचं ठरवा. जिंकणंबिंकणं मनातही आणू नका.

मशीन आणि खरेदी

पीसीवर किमान इंटेल आय-३ १०१०० किंवा रायझन ३ १२०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० दर्जाचं ग्राफिक्स कार्ड आणि २० जीबी मोकळी जागा लागते. सुखाने खेळायचं तर १६ जीबी रॅम घ्या. डाव लांबला की कॉम्प्युटरच्या टर्नला वेळ लागायला लागतो, तिथे प्रोसेसर चांगला असल्याचा फरक कळतो. ऑफिसने दिलेल्या पातळ लॅपटॉपवर प्रयोग करू नका. चालेल की नाही हा एक प्रश्न, आणि आयटीवाल्यांना काय सांगाल हा दुसरा. रॅम किंवा एसएसडी वाढवायची असेल तर ग्रँट रोड स्टेशनाला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. दोन-चार दुकानांत भाव विचारा, लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसती तोंडदेखली गोष्ट. आणि एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली खेळणार असाल तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विचवरही खेळ आहे. ज्यांच्या घरी कन्सोल आधीच आहे त्यांनी वेगळा पीसी घ्यायची गरज नाही. पण दोन्ही असतील तर माउसवर खेळा, मेन्यू फार आहेत.

पीसीवर स्टीमवरून घेणं सरळ पडतं. भाव रुपयांत दिसतो, यूपीआय चालतं. घाई नसेल तर जूनअखेरचा किंवा डिसेंबरचा सेल बघा. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात एवढंच तपासा: खेळ सुरू होतो का, अडखळतो का, अक्षरं वाचता येतात का. मराठी किंवा हिंदीचा पर्याय नाही, सगळं इंग्रजीत आहे. महागड्या आवृत्त्यांतले जादा नेते आणि संस्कृती पहिल्या काही महिन्यांत लागणार नाहीत. साधी आवृत्ती पुरते. कुठल्यातरी साइटवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या 'की'च्या, म्हणजे खेळ चालू करायच्या कोडच्या, नादी लागू नका. आणि मोबाईलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर हे डाउनलोड करायला बसू नका, घरच्या वायफायवर रात्री लावून ठेवा.

पहिला पडदा: काय निवडायचं

डिफिकल्टीत सगळ्यात सोपी पातळी आहे 'स्क्राइब'. तीच घ्या. लाज वाटायचं कारण नाही, कोणी बघत नाहीये. वेग 'स्टँडर्ड'. नकाशा लहानातला लहान, म्हणजे शेजारी कमी आणि डोक्याला ताप कमी. शिकवणी, म्हणजे ट्यूटोरियल, चालूच ठेवा. सल्लागार मध्येमध्ये बडबडतात, पण पहिल्या डावात त्यांचं ऐकलेलं चांगलं. कुठल्याही शब्दावर अडलात तर खेळातच 'सिव्हिलोपीडिया' नावाचा कोश आहे.

सातव्या भागात नेता आणि संस्कृती वेगवेगळे निवडायचे असतात. म्हणजे कन्फ्यूशियस रोमवर राज्य करू शकतो. चेष्टेला भरपूर जागा आहे, पण पहिल्या वेळी सरळ जोडी घ्या: सम्राट अशोक आणि मौर्य.

ही शिफारस भावनेपोटी नाही. बरं, थोडी आहे. विरार लोकलने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की नालासोपाऱ्यात, म्हणजे जुन्या शूर्पारक बंदरात, अशोकाचा शिलालेख सापडला होता? १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्याचा. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो दगड बघता येतो. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेच्या आणि शिकारीच्या सहलींना जात, आपण आता धम्मयात्रा काढतो. खेळातला अशोकही याच सुरात बांधलाय. प्रजा खूश असली, म्हणजे हॅपिनेस गरजेपेक्षा जास्त असला, की त्याच्या शहरांना जादा अन्न मिळतं. मौर्यांना इतरांसारखा एक नव्हे, दोन दैवतपंथ निवडता येतात. आणि हत्तीदळ मिळतं, ते तटबंदीवर तुटून पडतं. म्हणजे लोकांना सुखात ठेवा, शहर आपोआप वाढेल. नवख्याला याहून सोपं सूत्र मिळणार नाही.

गांधीजी कुठे आहेत असं विचारणारे भेटतीलच. पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक भागात ते होते, सातवा त्यांच्याविना आला. त्यांच्यासोबत एक दंतकथाही गेली. पहिल्या भागातल्या एका प्रोग्रॅमिंगच्या चुकीमुळे गांधी अचानक अणुबॉम्ब टाकायला लागायचे, असं वर्षानुवर्षं सगळे एकमेकांना सांगत आले. सिड मायरने २०२० च्या आपल्या आत्मकथनात स्पष्ट लिहिलंय की अशी चूक कधी नव्हतीच.

पहिल्या तीसेक टर्न

खेळाचा सगळा रस इथे आहे, त्यामुळे इथे घाई नको.

पहिल्या टर्नला राजधानी वसवायची. खेळ ज्या जागी उभं करतो ती जागा बहुधा चांगलीच असते, फार शोधाशोध न करता तिथेच किंवा एखादं घर सरकून वसा. नजर तीन गोष्टींवर ठेवा: गोडं पाणी, भोवतालचे जिन्नस (घोडे, कापूस, मासे, संगमरवर वगैरेंची चिन्हं नकाशावर दिसतात) आणि थोडी डोंगराळ जमीन. सपाट जागी शेती होते, खडबडीत जागी खाणी, आणि दोन्ही हवं. नदीला पूर येतो. मिठी नदीचा अनुभव असलेल्यांना धडकी भरेल, पण इथे पूर ओसरल्यावर जमीन कसदार होते. मोडलेलं तेवढं दुरुस्त करून घ्यायचं.

लगेच स्काउट, म्हणजे नकाशा धुंडाळणारा टेहळ्या, बनवा, जमलं तर दोन. त्यांना दोन वेगळ्या दिशांना पाठवा. वाटेत 'डिस्कव्हरी' म्हणून छोटे अवशेष सापडतात, त्यात गोल्ड किंवा संस्कृतीचे (कल्चरचे) गुण मिळतात. हे सुरुवातीचे चार पैसे फार मोलाचे असतात, शेजाऱ्याआधी उचला.

मग शहर वाढायला लागेल आणि खेळ विचारेल, नवा माणूस कुठल्या घरावर बसवू? आधीच्या भागांत मजूर बनवून त्यांना नकाशाभर हिंडवावं लागे. ते आता गेलं. तुम्ही घर निवडलं की जमिनीच्या जातीप्रमाणे शेत, खाण, लाकूडतोड आपोआप उभी राहते. पहिल्या काही वेळा अन्नाचं घर निवडा आणि जिन्नस असलेल्या घराकडे सरकत जा. एक नियम पक्का ध्यानात ठेवा: शहराची हद्द केंद्रापासून तीन घरांपर्यंतच जाते. त्यामुळे पाच घरं लांब असलेल्या सोन्याच्या खाणीकडे बघून लाळ गाळण्यात अर्थ नाही. तिच्याजवळ दुसरी वस्ती करा.

इमारतींचा नियम थोडा किचकट आहे. शहरी घरात दोन इमारती मावतात, आणि कुठली इमारत कशाच्या शेजारी आहे यावर फायदा ठरतो. जागा निवडताना पडद्यावर अधिकचे आकडे दिसतात. सर्वांत मोठा आकडा दिसेल तिथे बांधा आणि सध्या एवढंच. मौर्यांच्या दोन खास इमारती आहेत, धर्मशाळा आणि विहार. या दोन्ही एकाच घरात बांधल्या की 'मठ' नावाचा खास विभाग तयार होतो. वेगवेगळ्या घरांत बांधल्या तर तो होत नाही, म्हणून धर्मशाळा बांधलेल्या घरातली दुसरी जागा भलत्याच इमारतीने अडवू नका.

सांचीचा स्तूप ही 'वंडर', म्हणजे अद्भुत वास्तू, मौर्यांसाठी राखीव नाही, ती दुसरा कोणीही आधी बांधू शकतो. पण मौर्यांना तो लवकर खुला होतो. पहिल्या डावात एक तरी अद्भुत वास्तू उभी करा, बांधून झाल्यावर जे चित्र दिसतं त्यासाठी तरी.

दुसरी वस्ती, आणि टाउन म्हणजे काय

सेटलर, म्हणजे नवी वस्ती वसवणारा, बनवता येऊ लागला की लगेच बनवा. तो निवडल्यावर नकाशावर चांगल्या-वाईट जागा रंगांनी दाखवल्या जातात.

राजधानीनंतर वसवलेली प्रत्येक वस्ती आधी 'टाउन' असते. टाउन स्वतः काही घडवत नाही, तिथलं सगळं उत्पादन गोल्डमध्ये बदलून तिजोरीत येतं. टाउनमध्ये काही हवं असेल तर विकत घ्यायचं. गोल्ड मोजून टाउनचं शहर करता येतं, आणि नवखे सगळे इथेच हात सैल सोडतात. दिसलं टाउन की केलं शहर. मग पैसा आटतो. पहिल्या युगात राजधानी धरून दोन-तीन शहरं पुष्कळ झाली. बाकी टाउन राहू द्या, आणि लोकसंख्या सातपर्यंत गेली की त्यांना शेती, खाण, व्यापार अशी एखादी खासियत नेमून द्या. शेतीवालं टाउन आपलं धान्य जोडलेल्या शहरांना पाठवतं. नाशिकची भाजी पहाटे भायखळ्याला येते ना, तसंच.

वस्त्यांच्या संख्येला मर्यादा असते. ती ओलांडता येते, पण प्रत्येक जादा वस्तीमागे हॅपिनेस घसरतो. अशोकासाठी तर हॅपिनेस म्हणजेच अन्न, त्यामुळे मर्यादेतच राहा.

शेजाऱ्यांशी

'इन्फ्लुएन्स' हे वेगळं चलन आहे, आणि सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. त्यावर करार होतात, मैत्री होते, हेरगिरी होते. शेजाऱ्याने एखादा उपक्रम सुचवला तर तीन पर्याय येतात: नाकारा, हो म्हणा, किंवा स्वतःचा इन्फ्लुएन्स घालून पाठिंबा द्या. पाठिंब्यात दोघांचाही फायदा जास्त आणि संबंधही गोड होतात. जवळच्या शेजाऱ्याला नेहमी पाठिंबा, लांबच्याला नुसता होकार, असं माझं धोरण असतं.

नकाशावर छोट्या स्वतंत्र टोळ्याही असतात. काही जन्मजात भांडखोर. त्यांच्यावर इन्फ्लुएन्स खर्च करून मैत्री केली की काही टर्नमध्ये त्या तुमच्या छत्राखालचं नगरराज्य होतात. सैन्य पाठवून त्यांना चिरडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

लढायाबद्दल थोडक्यात. सैनिक एकेकटे हलवू नका, 'कमांडर' बनवा. तो चार तुकड्या सोबत घेऊन एकदम चालतो आणि अनुभवाचे गुणही त्यालाच मिळतात. शहरात एक-दोन तुकड्या आणि एक कमांडर एवढं पहिल्या युगात संरक्षणाला पुरे होतं. युद्ध तुम्हीच पुकारणार असाल तर ते पुढच्या डावात.

युग संपताना

इथे नवखे बिचकतात. वरच्या कोपऱ्यात युगाची टक्केवारी चढत असते. तुम्ही किंवा इतरांनी मोठे टप्पे गाठले की ती आणखी पळते. हे टप्पे चार वाटांवरचे असतात: विज्ञान, संस्कृती, अर्थ आणि सैन्य. प्राचीन युगात त्या अनुक्रमे ग्रंथ जमवणं, अद्भुत वास्तू बांधणं, व्यापारातून जिन्नस मिळवणं आणि वस्त्या वाढवणं किंवा जिंकणं अशा आहेत. चारही धरायला गेलात तर एकही हाती लागणार नाही. अशोकासोबत विज्ञान किंवा संस्कृती घ्या, आणि अर्थाची वाट जमेल तेवढी चाला.

टक्केवारी बरीच वर गेली की 'संकट' सुरू होतं. साथीचे रोग, बंडाळी किंवा सीमेवर टोळ्यांचे हल्ले, यांपैकी काहीतरी. तुम्हाला मुद्दाम वाईट धोरणं स्वीकारावी लागतात. त्यातलं कमीत कमी झळ बसेल ते निवडायचं. साठवलेल्या हॅपिनेसचा उपयोग इथे होतो. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगने काय केलं, मुंबईत त्याच्या आधीच्या वर्षी काय केलं, हे वाचलेल्या माणसाला खेळातली साथ बघताना अंगावर काटा येतो. पण हे संकट युगासोबत संपतं.

आणि मग युग बदलतं. राजधानी सोडून बाकीची शहरं सहसा पुन्हा टाउन होतात. जुन्या इमारतींचा जोर कमी होतो आणि त्यांच्या जागी नव्या बांधता येतात. चालू युद्धं थांबतात. कमांडर आणि त्यांच्यासोबतचं सैन्य टिकतं, बाकीच्यातलं बरंच दिसेनासं होतं; सैन्य जागच्या जागी राहू देण्याचा पर्याय नंतरच्या अपडेटने दिलाय. म्हणून शेवटच्या दहा टर्नमध्ये हे करा: विखुरलेले सैनिक कमांडरांजवळ आणा, दहा टर्न लागतील असलं नवं बांधकाम सुरू करू नका, आणि गोल्ड खर्चून टाका, कारण पुढच्या युगात सगळंच्या सगळं नेता येत नाही. अद्भुत वास्तू, तुमच्या संस्कृतीच्या खास इमारती आणि गोदामं मात्र जुनी होत नाहीत. गोल्ड घालायचं तर तिथे घाला.

मौर्यांवरून पुढे चोल घेता येतात, आणि तेच घ्या. दुसरेही पर्याय उघडतात. उदाहरणार्थ, तीन ठिकाणचे घोडे जोपासले असतील तर मंगोल व्हायची मुभा मिळते. मला व्यक्तिशः अशोकाला मंगोल बनवताना कसंतरीच होतं.

पहिला डाव इथे थांबवलात तरी चालेल. खेळ सेव्ह करा, दोन दिवस जाऊ द्या.

पुढची दोन युगं, धावत

शोधयुगात समुद्र खुला होतो. आधी खोल पाणी ओलांडता येत नाही, आता जहाजं पलीकडच्या खंडांवर जातात. तिथले मसाले, साखर, चहा खजिन्याच्या ताफ्यांतून मायदेशी आणले की गुण मिळतात. चोलांची आरमारी ताकद इथे नेमकी कामी येते, बृहदीश्वर मंदिरही बांधता येतं. धर्म याच युगात स्थापता येतो. पण त्यासाठी धर्मप्रसारकांची सतत ने-आण करावी लागते आणि ते काम कंटाळवाणं आहे, अगदी स्पष्ट सांगते. मी बऱ्याचदा ती वाट सोडून देते. आणखी एक: वसईचा किल्ला बघत वाढलेल्या माणसाला दूरच्या किनाऱ्यावर वखार टाकण्याचा हा भाग जरा अवघडल्यासारखा वाटतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ज्यांच्याकडून तो घेतला, त्यांच्याच भूमिकेत खेळ आपल्याला उभं करतो.

आधुनिक युगात चोलांवरून मुघल घेता येतात. त्यांच्याकडे गोल्डचा पूर असतो आणि बाकी सगळ्या उत्पन्नाला कात्री. म्हणजे बांधत बसायचं नाही, विकत घ्यायचं. मूळ खेळात मराठे नाहीत. या विषयावर भांडायला मी कधीही तयार आहे, पण मार्गदर्शकात ते नको. जिंकण्यासाठी पहिल्या वेळी विज्ञानाची वाट धरा: शाळा, प्रयोगशाळा, मग विमानांपासून सुरू होणारे टप्पे आणि शेवटी माणूस अंतराळात. यात शेजाऱ्यांशी कमीत कमी संबंध येतो. संस्कृतीच्या वाटेवर पुरातन वस्तू उकरून जागतिक प्रदर्शन भरवायचं असतं, पण त्या वस्तूंसाठी सगळेच धावतात. रेल्वे आणि कारखान्यांची आर्थिक वाट मजेची आहे, पण जिन्नसांची जुळवाजुळव फार. विचारसरणी निवडलीत की वेगळी विचारसरणी घेतलेले देश तुमच्यावर खार खायला लागतात, म्हणून युद्ध नको असेल तर ती निवडूच नका.

वेळेचं काय?

हा खेळ वेळ खातो. रात्री अकराला बसलात की पहिली लोकल सुटायची वेळ कधी होते कळत नाही. खेळातल्या टर्नवर कधीच थांबता येत नाही, कारण प्रत्येक टर्नला काहीतरी होऊ घातलेलं असतं, कुठे वास्तू पुरी होतेय, कुठे शोध लागतोय. फोनवर गजर लावा आणि गजर झाला की चालू टर्नच्या मधोमध सेव्ह करून उठा. मधोमध हे महत्त्वाचं. टर्न संपवून उठायचं ठरवलंत की पुढची सुरू झालेली असते. आपोआप होणारे सेव्ह असतातच, तरी स्वतःचा एक वेगळ्या नावाने ठेवा.

दुसऱ्या डावाला हातशेपसुत आणि इजिप्त घ्या. जहाजं चालतील अशा मोठ्या नद्यांच्या काठी त्यांना उत्पादन जास्त मिळतं आणि वास्तू भराभर उभ्या राहतात. सुरुवातीच्या जागी तशी नदी मिळाली नाही तर सरळ रीस्टार्ट करा. सगळेच करतात, आणि त्यासाठी बटणही दिलेलं आहे.